छायाचित्रातल्या माणसाला नाव द्या

मराठी दैनिकांचे, साप्ताहिकांचे आणि दिवाळी अंकांचे संपादक,
यांस,

ज्येष्ठ वद्यात तुकोबारायांची पालखी देहूहून निघाली की माझा फोन वाजायला लागतो. लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करत पालखी आमच्या पाटसला येते, दुपारचा विसावा घेते आणि रोटी घाट चढायला लागते. चढ अवघड म्हणून रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. त्या एका दुपारी तुमच्या कचेरीतून विचारणा होते ती अशी, "घाटातला एखादा चांगला फोटो टाका ना व्हॉट्सॲपवर, पाच वाजायच्या आत." फोटो कुठल्या वर्षाचा, त्यातली माणसं कुठली, दिंडी कुणाची, हे कुणी विचारत नाही. वर्षाचे बाकीचे दिवस कुणी फोनही करत नाही. हे बरीच वर्षं सोसलं आणि आता मनात साचलेलं सगळं लिहायचं ठरवलं. पत्रात तक्रार आहे, पण तुमच्याविषयी आदरही आहे, कारण माझी छायाचित्रं लोकांपर्यंत जायची वाट अजून तुमच्याच पानांवरून जाते.

मी पाटसचा. लग्न, बारसं, साखरपुडा, वाढदिवसाचे फ्लेक्स या कामांवर माझं घर चालतं. उरलेला वेळ आणि उरलेले पैसे मी डॉक्युमेंटरी फोटोग्राफीत घालतो. कालव्याखालचा ऊस, केडगाव-राहू भागातली गुऱ्हाळं, रोटी, कुसेगाव, हिंगणीगाडा या बाजूचा जिरायती पट्टा, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरणारे मेंढपाळ आणि त्यांचे वाडे, हा माझा मुलूख. एका विषयाला वर्षानुवर्षं चिकटून राहायचं, त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जायचं, आणि जे दिसलं ते तारीखवार नोंदवून ठेवायचं, अशी ही कामाची रीत. यात बातमीची घाई नाही आणि लग्नाच्या अल्बमची सजावटही नाही. उद्या कुणी विचारलं की या भागात माणसं कशी जगत होती, तर पुरावा म्हणून पुढं ठेवता यावं, एवढ्यासाठी हे काम.

आता पहिलं गाऱ्हाणं. छायाचित्राखालची ओळ तुम्ही पाळत नाही.

एक उदाहरण सांगतो. गळीत हंगामात आमच्याकडे बीड, अहिल्यानगर भागातून ऊसतोड कामगार येतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नसते. बाई फडात तोडते, मोळी बांधते, डोक्यावर चुंबळ ठेवून ती मोळी घेते आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढते. फळी तिच्या वजनानं लवते. दोन्ही हात मोळीला असल्यामुळं आधाराला काही नाही, नजर फक्त पावलापुढच्या वीतभर लाकडावर. अशा एका बाईचं छायाचित्र मी काढलं होतं. तिच्यामागं बांधावर, वाढ्याच्या ढिगाला टेकून, तिचं तान्हं पोर झोपलेलं दिसत होतं. छायाचित्राबरोबर मी चार ओळी लिहून पाठवल्या. बाईचं नाव, तिच्या परवानगीनं. गाव, तालुका. किती हंगाम ती फडावर येते आहे. त्या वर्षी जोडीनं उचल किती घेतली. दुसऱ्या दिवशी छायाचित्र पहिल्या पानावर, चांगलं चार कॉलमी, छापून आलं. खाली ओळ होती, "पाटस परिसरात ऊसतोडणीला वेग आला आहे."

कात्रण घेऊन मी त्यांच्या कोप्यांवर गेलो. बाईला वाचता येत नव्हतं. तिच्या थोरल्या मुलीनं कात्रण हातात घेतलं, ओळ मोठ्यानं वाचली, उलटून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "आयचं नाव कुठंय?"

संपादक महोदय, हे उत्तर तुम्ही द्यायचं आहे. त्याच पानावर कारखान्याच्या मोळीपूजनाचं छायाचित्र होतं. त्यात उभ्या असलेल्या सगळ्यांची नावं डावीकडून उजवीकडे ओळीनं छापलेली होती. उपस्थितांची नावं पुरवणारं कुणीतरी असतं आणि ती गळली तर फोन येतात, हे मला ठाऊक आहे. फडातल्या बाईचं नाव गळलं तर फोन येणार नाही. म्हणूनच ते नाव जपण्याची जबाबदारी तुमच्यावर जास्त आहे.

या कलेच्या इतिहासात हे जाणणारी माणसं होऊन गेली. अमेरिकेत लुईस हाईन नावाचा एक शिक्षक १९०८ पासून बालमजुरांची छायाचित्रं काढत गिरण्या, खाणी, काचकारखाने फिरला. तो मुलांचं नाव, वय, कामाचे तास खिशातल्या वहीत टिपून घ्यायचा. पोराची उंची मोजायला सवड नसली तर आपल्या कोटाच्या कितव्या गुंडीपर्यंत पोर येतं, ते पाहून ठेवायचा. त्या नोंदींमुळं त्याची छायाचित्रं बालमजुरीविरोधी चळवळीच्या हातात पुरावा म्हणून आली. नुसते केविलवाणे चेहरे असते तर मालकांनी ते सहज झटकून टाकले असते.

उलट उदाहरणही त्याच देशातलं आहे. १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातल्या वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचं छायाचित्र घेतलं. जगातल्या सर्वांत जास्त छापल्या गेलेल्या छायाचित्रांपैकी ते एक. लँग यांनी तिचं नाव विचारलं नव्हतं. छायाचित्र छापून आल्यावर सरकारनं त्या तळावर अन्नधान्य पाठवलं, तोवर ती आपली पोरं घेऊन पुढं निघून गेली होती. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे लोकांना कळलं १९७८ मध्ये. मधली बेचाळीस वर्षं ती स्वतःचाच चेहरा पुस्तकांत आणि मासिकांत पाहत होती आणि त्याबद्दल तिच्या मनात अभिमान कमी, कडवटपणाच जास्त होता. मला वाटतं, तिचा राग रास्त होता.

माणसाला नाव देणं आपल्याकडे होऊ शकत नाही असं नाही. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी'वर, म्हणजे ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहात, शेळ्या राखणाऱ्या म्हातारीचंही नाव आणि गाव छायाचित्राखाली असतं आणि मराठीतही वाचायला मिळतं. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षं राहून त्यांचं काम, त्यांची घरं, त्यांची आजारपणं टिपली. ओलवे मूळचे अकोल्याचे, वृत्तपत्रांत छायाचित्रकार म्हणून राबलेले, तुमच्यातलेच. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही सर्वांनी बातमी छापली. पण गटारात उतरणाऱ्या माणसाकडे ज्या धीरानं त्यांनी पाहिलं, त्या धीराला तुमच्या रोजच्या पानात किती जागा मिळते, हेही एकदा तपासून पाहावं, ही विनंती.

दुसरं गाऱ्हाणं 'संग्रहित छायाचित्र' या सोयीचं.

शिरूर, जुन्नर, आंबेगाव आणि आता आमच्या दौंडमध्येही उसात बिबट्या आहे. माणसं मरतात, लहान मुलं मरतात. बातमी येते आणि तिच्यावर एक बिबट्या असतो, झाडाच्या फांदीवर आरामात बसलेला, कुठल्यातरी भलत्याच जंगलातला. तोच बिबट्या गेल्या महिन्यात होता, तोच पुढच्या महिन्यात असेल. आता तर संगणकानं तयार केलेले बिबटे मोबाइलवर फिरतात आणि वनखात्याला खुलासे करत बसावं लागतं. अशा दिवसांत वृत्तपत्राचं छायाचित्र हे लोकांना शेवटचं भरवशाचं ठिकाण वाटायला हवं. या विषयात पाहण्यासारखं खरं काय आहे? शेतीची वीज रात्री येते म्हणून अंधारात बारे द्यायला जाणारा माणूस. बॅटरी, काठी, आणि गाणी मोठ्यानं लावलेला मोबाइल. अंगणाला मारलेली लोखंडी जाळी. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागली. फांदीवर बसलेला बिबट्या यातलं काहीच सांगत नाही. त्यानं वाचकाच्या मनात नुसतं भय भरतं.

वारीचंही तेच. २०२० मध्ये साथीमुळं पायी वारी निघाली नाही, पादुका ३० जूनला एसटीनं पंढरपूरला गेल्या. पालखी घाटात यायच्या तिथीला मी रोटी घाटात उभा राहिलो. रस्ता रिकामा होता. दरवर्षी जिथं पाय ठेवायला जागा नसते तिथं कडेच्या गवतात शेरडं चरत होती आणि घाटाच्या तोंडाशी एका म्हाताऱ्यानं रस्त्यालाच हळदकुंकू वाहून हात जोडले होते. मी ते छायाचित्र पाठवलं. उत्तर आलं, "यंदा जुनाच गर्दीचा वापरू, वाचकांना तो आवडतो." म्हणजे ज्या वर्षी इतक्या वर्षांत न घडलेलं घडलं, त्या वर्षीचं पान उघडलं तर पुढच्या पिढीला घाट माणसांनी फुललेला दिसेल. वाचकांना काय आवडतं याचा अंदाज बांधताना वाचकाला खरं काय ते मिळालंच नाही. जुनं छायाचित्र वापरावं लागलं तर वापरा, पण खाली वर्ष लिहा. एवढ्यानंसुद्धा माझी निम्मी तक्रार मिटेल.

आता पैशाचं बोलतो. आमच्याकडे असं बोलायला संकोच वाटतो, पण संकोचानं विजेचं बिल भरलं जात नाही.

दिवाळी अंकासाठी कथा मागवता तेव्हा लेखकाला मानधन देता, थोडं का होईना. मुखपृष्ठाच्या चित्रकाराला देता. छायाचित्रकाराला सांगता, "नाव छापू." आणि पुष्कळदा तेही राहून जातं, किंवा श्रेय 'इंटरनेट'ला जातं. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझं मेंढपाळांच्या वाड्याचं छायाचित्र मला दुकानात गेल्यावर पाहायला मिळालं. चौकशी केली तेव्हा कुणीतरी फॉरवर्ड केलं होतं, असं उत्तर मिळालं. त्या छायाचित्रासाठी मी मेंढरांमागं घाट उतरलो होतो, त्यांच्याबरोबर उघड्यावर झोपलो होतो. फॉरवर्ड करणाऱ्याला यातलं काही माहीत असायचं कारण नाही, प्रकाशकाला मात्र असायला हवं.

१९५७ चा प्रताधिकार कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. तुम्ही काम सांगून, मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतलंत आणि वेगळा करार नसेल, तर हक्क तुमचा. मी माझ्या खर्चानं, माझ्या मनानं काढलेलं असेल तर हक्क माझा, आणि तो माझ्या हयातभर आणि माझ्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. शिवाय कलम ५७ असं सांगतं की हक्क विकून टाकला तरी कर्त्याचं नाव लावून घेण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड केली तर त्याला दादही मागता येते. तरीही कोर्टाची पायरी चढायची माझी इच्छा नाही. फोटो मागतानाच मानधनाचा आकडा सांगा, एवढंच मागणं आहे. आकडा लहान असला तर मी तो ऐकून हो किंवा नाही म्हणेन. आकडाच नसतो तेव्हा पुढं बोलायला काही उरत नाही.

नावाचा हा झगडा जुना आहे. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईत काम करू लागल्या तेव्हा त्यांची सुरुवातीची छायाचित्रं पतीच्या नावानं छापली जात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. एवढ्या मोठ्या बाईला जे सोसावं लागलं ते आज तालुक्याच्या गावातला कुठलाही पोरगा सोसतो आणि दोन वर्षांत कॅमेरा कपाटात ठेवून प्री-वेडिंगच्या मागं लागतो. मी त्याला दोष देत नाही. पण त्यामुळं जे टिपायचं राहून जातं, ते परत टिपता येत नाही.

एक गोष्ट मात्र पैशापेक्षा मोठी आहे आणि ती लिहिताना मला अजून त्रास होतो. चौफुला आमच्यापासून जवळ. तिथल्या एका लावणी कलाकारानं मला तिच्या घरात येऊ दिलं. पायाला घुंगरं बांधण्यापूर्वीची तिची दुपार, मुलाच्या शाळेची फी भरायला चाललेली ती, पेटीवाल्याबरोबर बसून नव्या चालीची तयारी, असं सगळं तिनं टिपू दिलं. अट एकच, हे आमच्या कलेविषयीच्या लेखासाठीच वापरायचं. लेख आला, चांगला आला. पुढं काही महिन्यांनी तो लेख छापणाऱ्यांच्याच संग्रहातून त्यातलं एक छायाचित्र उचललं गेलं आणि कुठल्यातरी गुन्ह्याच्या बातमीला जोडलं गेलं. त्या गुन्ह्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. चेहरा स्पष्ट दिसत होता. शाळेत पोरं तिच्या मुलाला काय बोलली असतील ते तुम्ही समजू शकता. मी संपादकांना भेटलो, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला. तिनं मला दोष दिला नाही. पण तिच्या शेजारच्या कुठल्याही घराचं दार त्यानंतर कॅमेऱ्याला उघडलं नाही, माझ्या नाही आणि दुसऱ्या कुणाच्याही नाही.

यावर उपाय अवघड नाही. ज्या कामासाठी छायाचित्र दिलं, त्या कामापुरतं ते वापरा. दुसरीकडे वापरायचं असेल तर विचारा. संगणकातल्या फाइलला माझी ओळ चिकटवून ठेवा, म्हणजे रात्री अकराला पान लावणाऱ्या पोराच्या नजरेला ती पडेल. त्याच्यावर कामाचा किती बोजा असतो ते मी पाहिलं आहे आणि त्याच्यावर माझा राग नाही.

जागेविषयीही थोडं लिहायला हवं. पाटसपासून बारामती, इंदापूरकडे जाणारा जुना पालखी रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी झाला आहे. पाटस ते तोंडले-बोंडले या टप्प्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. त्याच्या आधीपासून मी या रस्त्याची छायाचित्रं काढतो आहे. सावलीला टेकलेले वारकरी, रुंदीकरणात गेलेली जुनी झाडं, रस्त्याकडेची हॉटेलं मागं सरकताना, भरपाईचे कागद घेऊन सावलीत बसलेली माणसं, आणि आता उन्हात तापणारं काँक्रीट. रस्ता हवाच होता, अपघात मीही पाहिले आहेत. पण रस्ता झाल्यानं कुणाला काय मिळालं आणि कुणाचं काय गेलं, हे एका छायाचित्रात मावत नाही. त्याला दहाबारा छायाचित्रं लागतात, ओळीनं लावलेली. तुमच्या दिवाळी अंकात कथा असतात, कविता, व्यंगचित्रं, राशिभविष्य असतं. छायाचित्रांची अशी सलग सहा पानं मला फार क्वचित दिसतात.

मराठी वाचक हे पाहत नाही, असं कृपया सांगू नका. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर फिरून 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे पुस्तक केलं. वारीवरही त्यांचं पुस्तक आहे. तमाशा पाहिलेली आणि न पाहिलेली माणसं ते पुस्तक हातात घेतात आणि राहुटीच्या आतलं जग पाहून थांबतात. वाचकाला समोर काही ठेवलं तर तो पाहतो.

शेवटची मागणी तुमच्या कपाटांविषयी आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आमच्या जिरायती पट्ट्यातली म्हातारी माणसं अजून सांगतात. खडी फोडायची कामं, सुकडी, जनावरं सोडून द्यावी लागली ते. मी त्यांची आजची छायाचित्रं काढली, पण त्या वर्षाचं त्यांचं एकही छायाचित्र त्यांच्या घरात नाही. कुठून असणार? त्या काळात कॅमेरा घेऊन या गावांत कुणी आलं असेल तर ते वृत्तपत्राचं माणूस. त्या निगेटिव्ह कुठं आहेत? काही कचेऱ्यांनी जागा बदलताना पोतीच्या पोती भंगारात काढली, असं जुने सहकारी सांगतात. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. एवढा जुना वारसा असलेल्या प्रांतात होमाईबाईंचा संग्रह जपला गेला तो दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानात. तिथं तो नीट आहे, याचा आनंदच आहे. पण ज्या जुन्या निगेटिव्ह तुमच्याकडे अजून शिल्लक असतील, त्या पाकिटावरच्या तारखेसह एखाद्या विद्यापीठाला, जिल्ह्याच्या ग्रंथालयाला द्या. स्कॅन करायला माणूस हवा असेल तर मी येईन. माझ्यासारखे आणखीही येतील.

दिवाळी झाली की कारखान्यांची धुराडी पेटतील आणि कोयते पुन्हा आमच्या शिवारात उतरतील. या हंगामात तुमच्यापैकी एखाद्यानं तरी आपला उपसंपादक एक दिवस माझ्याबरोबर फडावर पाठवावा. पाटस स्टेशनवर उतरलं की पुढची सोय माझी. त्या दिवशी जे छायाचित्र निघेल त्याच्याखाली त्यातल्या माणसाचं नाव, गाव, तारीख आणि काढणाऱ्याचं नाव छापावं. हे पत्र तुम्ही छापलंत किंवा नाही छापलंत, तरी एवढं जरूर करा.



आपला नम्र,
पाटस (ता. दौंड, जि. पुणे) येथील एक छायाचित्रकार